गाऱ्हाणे आणि घर

आमच्या तळकोकणात गाऱ्हाणे या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही रोजच्या वापरातले आहेत. एक गाऱ्हाणे देवापुढे घातले जाते. गावातला जाणता माणूस नारळ ठेवून उभा राहतो, ग्रामदेवतेला आणि राखणदाराला हाक मारतो, मुंबईला गेलेल्या लेकरांना सांभाळ, गुरांना सांभाळ, आडल्यानडल्याला वाट दाखव, असे एकेक मागणे मांडतो, आणि जमलेली माणसे प्रत्येक मागण्यापाठोपाठ ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. दुसरे गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, आणि ते बहुतेक वेळा बाईचे असते. पहिले ऐकायला सगळी वाडी जमते. दुसरे कानावर आले की माणसे दार लोटून घेतात.

मीही ते लोटून घेतलेले आहे आणि हे आधी कबूल केल्याशिवाय या विषयावर पुढे काही लिहिणे मला योग्य वाटत नाही. खाडीकाठच्या या गावात मी प्राथमिक शाळेवर रुजू झाले तेव्हापासून ज्या घराच्या शेजारी राहते, त्या घरातली वहिनी माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान आहे. तिच्या दोन्ही मुली माझ्या हाताखालून गेल्या. नवरा मुंबईला नोकरीत होता तोवर ते घर शांत असे. मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्याला तो आला की दिवेलागणीनंतर तिकडून आवाज येत. पुढे त्याची नोकरी सुटली, तो कायमचा गावी आला आणि सणासुदीचे आवाज रोजचे झाले. सकाळी ती विहिरीवर भेटे तेव्हा न्हाणीत घसरल्याचे सांगे. मी मान हलवत असे. नवराबायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये, हे मला लहानपणापासून शिकवलेले होते आणि शिक्षिका असूनही मी ते कधी तपासून पाहिले नव्हते.

कोकणात बाईला मान आहे, असे सांगताना लोक लोकसंख्येचे आकडे पुढे करतात. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे रत्नागिरी जिल्ह्यात १,१२२ आणि सिंधुदुर्गात १,०३६ स्त्रिया मोजल्या गेल्या, हे खरे आहे. पण त्या आकड्यात मुलींच्या स्वागतापेक्षा पुरुषांचे मुंबईला जाणे अधिक आहे. मागे राहिलेल्या बाईने शेत लावायचे, गुरे बघायची, सासूसासऱ्यांचे आजारपण काढायचे, घरपट्टी भरायची, पावसाआधी कौले परतून घ्यायची. आणि एवढे करून ते घर कागदावर कुणाचे, तर पणजोबांच्या काळापासून चालत आलेल्या सामाईक नावांचे, ज्यांतले निम्मे लोक वारलेले आणि उरलेले डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात असतात.

एका आषाढात, रात्री वीज गेलेली असताना, मी बॅटरी घेऊन मागच्या दारी आले तेव्हा शेजारच्या मांगरात काहीतरी हलताना दिसले. शेणी, नारळाची सोडणे आणि गवत ठेवायची ती जागा. गवताच्या भाऱ्यांना टेकून वहिनी बसली होती, मांडीवर धाकटी मुलगी झोपलेली होती, आणि वरून गळणारे पाणी मुलीच्या अंगावर पडू नये म्हणून तिने प्लास्टिकचा एक कागद दोन्ही हातांनी वर धरलेला होता. अशी किती वेळ बसणार, असे मी विचारले. ती म्हणाली, “तेची दारू उतरेपर्यंत, बाई.” मी तिला घरी आणले, पेज दिली, मुलीचे डोके पुसले आणि उजाडल्यावर दोघींना परत जाऊ दिले. त्या वेळी एवढेच केले.

ज्या घरातून ती बाहेर आली होती, त्याची जमीन तिने एकवीस वर्षे सारवली होती. तरीही ‘चालती हो’ एवढे दोन शब्द उच्चारले की ती गोठ्याशेजारी जाऊन बसत असे, कारण घर त्याचे आहे आणि आपण त्यात ठेवलेल्या आहोत, हे तिलाही मान्य होते. आपल्या देशाने बायकांवरील हिंसा थांबवण्यासाठी आजवर जे काही केले, त्याकडे मी तेव्हापासून याच दोन शब्दांच्या बाजूने पाहत आले आहे. शिक्षा किती वाढल्या, यापेक्षा ‘चालती हो’ म्हटल्यावर बाईला काय उत्तर देता येते, हे मला महत्त्वाचे वाटते.

पूर्वी कायद्याने उलटीच भाषा केली होती. मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८४ पासून चार वर्षे गाजलेला रखमाबाईंचा खटला हा मुळात नांदायला जाण्याचा खटला होता. अकरा वर्षांची असताना ज्याच्याशी तिचे लग्न लावून दिले गेले, त्या दादाजी भिकाजीने बायको घरी येत नाही म्हणून दावा लावला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने तिला फर्मावले की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर पैशांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्या दाव्यातली नांदवण्याची कल्पना मात्र त्यांच्याबरोबर इतिहासजमा झाली नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये ती आजही आहे, आणि तालुक्याच्या कोर्टात ‘नांदायला यावे म्हणून नोटीस’ हा शब्दप्रयोग इतका रुळलेला आहे की तो उच्चारताना कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

स्वतंत्र भारताने प्रथम फौजदारी वाट धरली. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला. १९८३ मध्ये दंडसंहितेत कलम ४९८-अ आले आणि नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेली क्रूरता हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीचे वेगळे कलम आले. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हा ४९८-अ चा मजकूर तिच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये गेला. या कलमांचा दुरुपयोग होतो, ही तक्रार मी पारावर आणि एसटीत सतत ऐकते. खोटी तक्रार कोणत्याही कलमाखाली होऊ शकते आणि ती पारखणे हे पोलिसांचे व न्यायालयाचे काम आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत सरसकट अटक करू नये, असे बजावलेही आहे. माझा अनुभव मात्र वेगळाच आहे. ज्या बायकांना मी जवळून ओळखते, त्यांना हे कलम वापरायचेच नसते. वहिनीला मी पहिल्यांदा पोलिसांत जाऊ या म्हणून सुचवले, तेव्हा तिने दिलेले उत्तर मला अजून जसेच्या तसे आठवते: “माका तेका तुरुंगात धाडूचा नाय, बाई. माका माझ्या घरात रवाचा आसा.”

कायदा करणाऱ्यांना हे वाक्य समजायला फार वर्षे लागली. २००२ मध्ये सरकारने लोकसभेत जे पहिले विधेयक आणले, त्यात नवऱ्याचे मारणे ‘सवयीचे’ असेल तरच ते हिंसाचारात धरले जाणार होते, आणि स्वतःच्या बचावासाठी किंवा मालमत्तेच्या रक्षणासाठी हात उचलला, असे म्हणण्याची सोयही त्याला ठेवली होती. सवय लागेपर्यंत किती वेळा मार खायचा, हा प्रश्न तेव्हा स्त्री-संघटनांनी आणि वकिलांनी देशभर विचारला. ते विधेयक मागे पडले आणि नव्याने लिहिलेला ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. एकदा मारले तरी ती हिंसा ठरू लागली. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक, असे तिचे प्रकार कायद्यात लिहिले गेले, आणि संरक्षण बायकोपुरते न ठेवता घरातल्या आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नाशिवाय संसार करणारी स्त्री, या सगळ्यांना दिले गेले. दिरांनी घराबाहेर काढलेल्या विधवा ज्याने कोकणात पाहिल्या आहेत, त्याला यातल्या भावजय या शब्दाचे मोल सांगावे लागणार नाही. वैवाहिक बलात्कार हा मात्र गुन्हा म्हणून आजही आपल्या फौजदारी कायद्यात नाही. नव्या संहितेनेही तो अपवाद तसाच ठेवला आहे, आणि याची मला लाज वाटते.

या कायद्याचा गाभा माझ्या मते कलम १७ मध्ये आहे. कौटुंबिक नात्यात असलेल्या प्रत्येक स्त्रीला सामाईक निवासात राहण्याचा हक्क आहे, मग त्या घरावर तिचा मालकी हक्क असो वा नसो, असे ते कलम सांगते. रखमाबाईंच्या काळी कायदा बाईला म्हणत होता की त्या घरात जा, नाहीतर तुरुंगात जा. सव्वाशे वर्षांनी तोच कायदा नवऱ्याला म्हणू लागला की या बाईला इथून काढता येणार नाही. नांदणे हे बाईचे कर्तव्य होते, ते तिचा हक्क झाले. मराठी बोलणाऱ्या बाईच्या दृष्टीने एवढा मोठा बदल दुसरा कुठला झाला असेल, असे मला वाटत नाही.

कायदा लागू होऊन दोन महिने होतात न होतात, तोच डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दिल्लीच्या प्रकरणात या कलमाचा अर्थ आवळला. घर सासूच्या नावावर असेल, नवऱ्याचा त्यात हिस्सा नसेल, तर ते सामाईक निवास नव्हे, असा तो निकाल होता. शहरातल्या सदनिकेचा विचार करून दिलेला तो निकाल आमच्या घरांना लावला, तर बाईच्या हाती काय उरते? आमच्याकडे घर बहुधा सासऱ्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या नावावर, वीजबिल चुलत्याच्या नावावर, आणि नवऱ्याचे नाव फार तर सातबाऱ्यावरच्या पंचवीस नावांत एक. चौदा वर्षे हा अर्थ टिकला आणि त्या चौदा वर्षांत किती जणींना ‘घर सासऱ्याचे आहे’ एवढ्या एका वाक्यावर परत पाठवले गेले असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात न्यायालयाने स्वतःचा आधीचा अर्थ चुकीचा ठरवला: बाई जिथे कौटुंबिक नात्याने राहते किंवा राहिली आहे, ते घर सासरच्या नातेवाइकांच्या मालकीचे असले तरी सामाईक निवासच. मे २०२२ मध्ये प्रभा त्यागी यांच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले, आणि बाई प्रत्यक्षात त्या घरात राहत नसली तरी तिचा तिथे राहण्याचा हक्क शाबूत असतो, असे म्हणाले. ती विधवा होती.

वहिनीच्या बाबतीत हे सगळे कामी आले, पण ते कोर्टात पोहोचल्यावर. तिथवर पोहोचणेच अवघड होते.

एका मार्चमध्ये ती काजूच्या कारखान्यातून परत आली तर घराला नवे कुलूप होते आणि पडवीत साडीच्या गाठोड्यात तिचे कपडे बांधून ठेवलेले होते. मुली तेव्हा शिकायला बाहेर होत्या. ती माझ्या ओटीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या माणसाने तिचे बोलणे अर्धे ऐकले, नवऱ्याला फोन लावला, त्याच्याशी दोन मिनिटे हसून बोलला आणि तिला म्हणाला, “काकी, घरचा विषय आहे, घरात मिटवा.” वास्तविक या कायद्याचे कलम ५ पोलिसांना पाच गोष्टी बाईला सांगण्याचे बंधन घालते: तिला न्यायालयाकडे संरक्षण मागता येते, संरक्षण अधिकारी असतात, सेवा देणाऱ्या संस्था असतात, मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि फौजदारी तक्रारही करता येते. पाचांपैकी एकही तिला सांगितली गेली नाही. मी त्या दिवशी घरी येऊन ते कलम वाचले आणि आपण इतकी वर्षे शाळेत नागरिकशास्त्र कसले शिकवले, असे मला वाटले.

मग गावकी बसली. देवळाच्या सभामंडपात, जिथे गाऱ्हाणे घातले जाते तिथेच, मानकरी आणि वाडीतले चार जाणते एकत्र आले. वहिनीला बोलावले नव्हते. तिच्या वतीने तिचा दीर बोलला. निर्णय असा झाला की त्याने दारू कमी करावी, तिने कुठे अर्जबिर्ज करू नये आणि गावाचे नाव खराब होऊ देऊ नये. २००७ मध्ये राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून तंटा गावातच मिटवण्याला प्रतिष्ठा आली, आणि बांधावरून किंवा पाण्यावरून होणाऱ्या भांडणांत तिचा उपयोगही झाला असेल; पण एक बाजू मारणारी आणि दुसरी मार खाणारी असते, तिथे मिटवणे म्हणजे मार खाणाऱ्या बाजूला गप्प करणे होते. मी बैठकीनंतर दोघा वडीलधाऱ्यांना हे सांगायला गेले. त्यांनी मला चहा दिला आणि शांतपणे सुचवले की बाईंनी शाळेपुरते पाहावे.

गावाच्या मनाविरुद्ध गेले तर काय होते, हे कोकणाला माहीत आहे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरूडनेच त्यांच्यावर बहिष्कार टाकला. वाळीत टाकण्याची ती रीत एवढी चिवट निघाली की, विशेषतः रायगड जिल्ह्यातून एकामागून एक प्रकरणे पुढे आल्यावर, महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो जुलै २०१७ पासून अमलात आला. वहिनीला कोणी उघडपणे वाळीत टाकले नाही. फक्त त्या पावसाळ्यात तिच्या भावाच्या लावणीला कोणी पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायला, गेले नाही. हे कोणत्या कलमात बसते, ते मला सांगता येणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्यापेक्षा मला त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करतो: हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितले. मांगरातल्या त्या रात्री मी गेले नसते तर वहिनी त्या ७७ टक्क्यांतच राहिली असती. नवऱ्याने बायकोला मारणे एखाद्या तरी कारणासाठी योग्य आहे, असे म्हणणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत ४४ टक्के होते आणि स्त्रियांत ४५. शेजारच्या घराचे दार जे लोटून घेतात, त्यांत बायकाही असतात, मी होतेच.

संरक्षण अधिकारी कोण, हे शोधायला आम्हाला दोन फेऱ्या पडल्या, कारण त्या पाटीचे स्वतंत्र कार्यालय तालुक्यात नव्हते. ज्या बाई भेटल्या, त्यांच्याकडे दुसऱ्याच कामाची मुख्य जबाबदारी होती आणि हा कार्यभार अतिरिक्त होता. देशात पुष्कळ ठिकाणी हे काम असेच जोडीला दिलेले आहे. या कायद्यात बाई आणि न्यायालय यांच्यामधला पूल म्हणजे हा अधिकारी: त्याने घटनेचा अहवाल करायचा, अर्ज लिहायला मदत करायची, वैद्यकीय तपासणी, वकील, निवारा यांची व्यवस्था पाहायची, आदेशाची अंमलबजावणी होते की नाही ते बघायचे. आणि कायदा होऊन वीस वर्षे होत आली तरी मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की जिथे असे अधिकारी नेमलेले नाहीत, तिथे जिल्हा आणि तालुका पातळीवर सहा आठवड्यांत नेमा. कायदा लिहिताना देशाने बाईचे ऐकले होते. माणूस नेमताना तो हात आखडता घेतो, आणि माझ्या मते आपल्या सगळ्या प्रयत्नांतली मोठी उणीव ती आहे. याच राज्यात १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या बरोबरीने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पोलीस ठाण्याच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसवली, आणि ती पद्धत पुढे राज्यभर पोहोचली. म्हणजे काय करायला हवे, हे आपल्याला चाळीस वर्षे ठाऊक आहे.

त्या बाई मात्र चांगल्या होत्या. त्यांनी फोन बाजूला ठेवला, दार लावून घेतले आणि घटनेच्या अहवालाचा छापील नमुना काढून एकेक रकाना वाचायला घेतला. मारहाण, हाताने, पायाने, वस्तूने. चारित्र्यावर संशय. मुलगा झाला नाही म्हणून अपमान. माहेरच्यांना भेटू न देणे. वहिनी प्रत्येक ओळीला मान हलवत होती, आवाज फुटत नव्हता. मग आर्थिक हिंसेचा रकाना आला: खर्चाला पैसे न देणे, मजुरी काढून घेणे, घराचा एखादा भाग वापरू न देणे. मजुरी काढून घेणे, हे शब्द ऐकल्यावर तिने प्रथमच मान वर केली आणि विचारले, “ह्या पण हिंसेत येता?” तिची बोटे टेबलावर होती. काजूच्या टरफलातल्या तेलाने त्यांची कातडी सोलवटलेली होती, दोन बोटांवर तर रेषाही उरल्या नव्हत्या, आणि त्या बोटांनी मिळवलेले पैसे दर शनिवारी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहून तो काढून घेत असे. अधिकारी बाई म्हणाल्या, “येते, ताई. लिहू?” ती म्हणाली, “लिवा.” त्यानंतर मात्र तिने स्वतःहून सांगायला सुरुवात केली. मला माहीत नसलेलेही पुष्कळ त्या दिवशी कागदावर आले आणि ते सगळे मी इथे मांडणार नाही. दीड तास लागला. मी वर्षानुवर्षे कुंपणाच्या अलीकडून ऐकत होते, ते एका अनोळखी बाईने समोर बसून लिहून घेतले.

कायदा म्हणतो की अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. आमच्या वहिनीच्या अर्जात नोटीस दोनदा बजावल्याशिवाय परत आली, मग त्याच्या वकिलाने तारीख मागून घेतली, आणि अंतरिम आदेश मिळायला पाचवा महिना उजाडला. मधल्या काळात तिला त्याच वकिलाची नोटीस आली: आपण सबळ कारणाशिवाय पतीचे घर सोडून गेलेल्या आहात, तरी त्वरित नांदायला यावे. ज्या घराला त्याने कुलूप लावले होते, त्या घरी. तिने ते पत्र मला दोनदा वाचायला लावले. विधी सेवा समितीने तिला दिलेल्या तरुण वकील मुलीने, स्त्रीला तिचे उत्पन्न न पाहता ही मदत मोफत मिळते म्हणून ती मिळाली होती, ते पत्रच अर्जाला जोडले आणि दंडाधिकाऱ्यांना सांगितले की ती नांदायला तयार आहे, त्यांनी कुलूप काढावे.

घर कोणाच्या नावावर, हा मुद्दा अपेक्षेप्रमाणे निघालाच. ते सासऱ्यांच्या वडिलांच्या नावावर होते. २०२० चा निकाल वकील मुलीच्या फायलीत होता. शिधापत्रिकेवर वहिनीचे नाव होते, मुलींच्या शाळेच्या दाखल्यावर पत्ता त्याच घराचा होता, आणि ते दाखले माझ्याच हस्ताक्षरातले होते. माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणी वापरण्यास तिला कोणी अडवू नये, तिला मारू अथवा धमकावू नये, ती काम करते त्या ठिकाणी जाऊ नये, असा अंतरिम आदेश झाला. हा आदेश मोडला तर तो दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे दंडाधिकाऱ्यांनी त्याला मराठीत समजावून सांगितले. तो खाली मान घालून उभा होता. मला त्याची दया आली नाही, पण समाधानही वाटले नाही. तो माझ्या आधीच्या शिक्षकांचा विद्यार्थी होता, याच शाळेतला.

भाद्रपदाच्या आधी एका सकाळी पोलीस शिपाई आणि संरक्षण अधिकारी बाई तिच्याबरोबर घरी आल्या. कुलूप निघाले. वाडीतली माणसे आपापल्या पडवीत उभी राहून पाहत होती, आणि या वेळी कोणी दार लोटले नाही. वहिनी सरळ आत गेली, डब्यातले तांदूळ सुपात काढून बाहेर घेऊन आली. सहा महिन्यांत त्याला सोंडे लागले होते. शिपाई पंचनाम्याचा कागद धरून सहीसाठी थांबला होता. तिने आधी सूपभर तांदूळ पाखडून उन्हात ठेवले, मग पदराला हात पुसले आणि सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

त्यानंतर तो दोनदा दारू पिऊन आला आणि दोन्ही वेळा ओटीवर झोपला. तिने अधिकारी बाईंना कळवले, त्यांनी नोंद केली, ठाण्यातून एक माणूस येऊन त्याला समज देऊन गेला. पोटगीचा मुद्दा आणि अंतिम निकाल अजून बाकी आहे. गेल्या महिन्यात त्या अधिकारी बाईंची बदली झाली. त्यांचा हा अतिरिक्त कार्यभार अजून कोणाकडे दिलेला नाही, असे कार्यालयात फोन केल्यावर कळले, आणि आदेशाचे पालन होते की नाही याचा अहवाल पुढच्या तारखेला द्यायचा आहे. तारीख मंगळवारची आहे. वहिनीने कारखान्यात रजा सांगितली आहे, त्या दिवसाचा रोज बुडेल. साडेसातच्या गाडीने आम्ही दोघी जाणार आहोत आणि दोन्ही वेळची नोंद मी तारखेसह माझ्या वहीत लिहून ठेवली आहे, अहवाल देणारे तिथे कोणी नसले तर निदान ती वही पुढे ठेवता येईल म्हणून.